खडूचा गोल

गहू भरायचे दिवस होते. इंदुरात कसेरा बाजाराकडून राजवाड्याकडे येताना एका बोळाच्या तोंडाशी पत्राकामाचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक ओटा, कोळशाची शेगडी, तिला वारा घालणारा छोटा ब्लोअर, भिंतीला टेकवलेले पत्र्याचे तुकडे आणि मागं एक अंधारी खोली. तिथं एक आजी आणि त्यांची सून रिक्षात घालून दोन क्विंटलची कोठी घेऊन आल्या. कोठीच्या बुडाशी, कडेपासून दोन बोटं वर, मसुराच्या दाण्याएवढं भोक होतं आणि त्यातून गव्हाचा भुगा सांडत होता. आजींचा हिशेब सरळ होता: भोक एवढं, तर डाख (कथील वितळवून दिलेला जोड) एवढा, तर पैसे एवढे. कारागिरानं त्या भोकाकडे जेमतेम पाहिलं. कोठी आडवी केली, जुन्या पेचकसाच्या मुठीनं बुडाच्या कडेकडेनं ठोकत गेला. टण्, टण्, टण्, भद्. जिथं भद् वाजलं तिथं पेचकस उलटा धरून टोक दाबलं आणि ते पत्र्यातून आरपार गेलं. मग खिशातून खडू काढून त्यानं त्या नव्या भोकाभोवती बशीएवढा गोल काढला. पुढं आणखी एका जागी तसंच. मूळ भोकाचा एक, आणि हे दोन. तीन गोल.

आजी सुनेकडे वळून म्हणाल्या, "बघ गं, धडधाकट पत्र्याला भोक पाडलं मेल्यानं. आता तीन भोकांचे पैसे मागेल." सून पुटपुटली, "आई, हळू बोला, इथं सगळ्यांना मराठी कळतं." कळत होतंच. त्यानं मान वर न करता एवढंच म्हटलं, "माँजी, इत्ता तो गया समझो."

भोक त्यानं पाडलं, की त्याला सापडलं?

वरवर पाहता उत्तर उघड आहे, पण आजींच्या बाजूनं बघा. पेचकस टोचेपर्यंत तिथं भोक नव्हतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. तिथला पत्रा बाहेरून राखाडी, थोडा पांढुरका, इतर पत्र्यासारखाच. गंजाची गोम अशी की दिसण्याच्या पातळीवर तो फार उशिरा येतो. कोठीसाठी साधारण २४ किंवा २६ गेजचा पत्रा वापरतात, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आगेमागे. त्यातला चार-पंचमांश भाग आतल्या आत पिवळट भुकटी झाला तरी वरची पापडी तग धरून असते, कारण कोठी रिकामी असताना तिच्यावर कुणाचा भार नसतो. भरताना मात्र गव्हाचा भार येतो, दोन क्विंटलचा. म्हणून कोठी भरताना, पोत्याचा पहिला लोट तळावर आदळतो तेव्हा भोक पडतं, आणि माणूस म्हणतो, "आत्ताच पडलं."

गंज सुरू कुठून होतो हे बघायला कोठी उलटी करायला हवी, आणि घरात ती कुणी कधी उलटी करत नाही. कोठीचा तळ जमिनीला टेकत नाही. बाजूचा पत्रा तळाच्या खाली बोट-दोन बोटं उतरलेला असतो आणि त्या गोल कडेवर ती उभी असते. तळ आणि बाजू यांची जोड दुहेरी दुमडलेली. त्या दुमडीत केसाएवढी फट, आणि तळाखाली कोंडलेली हवा. आता रोजचा पोछा आठवा. (पुण्याकडची मंडळी फरशी पुसतात, आम्ही इंदूरवाले मराठीतसुद्धा पोछाच लावतो.) ओला पोछा कोठीभोवती फिरतो, पाणी कडेखालून आत शिरतं आणि दुमडीत चढून बसतं. बाहेरचं पाणी पंख्यानं दहा मिनिटांत वाळतं, आतलं दुपारपर्यंत वाळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत पोछा. पोछ्याच्या पाण्यात फिनाइल, कधी साबण, कधी वास्तूसाठी म्हणून टाकलेलं खडामीठ. हे मिठाचं पाणी तर कोठीच्या मुळावरच. मीठ ओल धरून ठेवतं, आणि क्लोराइड लोखंडावरचं कुठलंही रक्षक कवच टिकू देत नाही.

यात एक उलटी गंमत आहे. लोखंड गंजायला हवा लागते, तेव्हा जिथं हवा जास्त तिथं गंज जास्त, असं वाटतं. एकाच थेंबाखाली मात्र उलट होतं. जिथं हवा पोचते तो भाग सुरक्षित राहतो आणि जिथं पोचत नाही, म्हणजे फटीच्या तळाशी, गाळाखाली, चिकटलेल्या कागदाखाली, तिथलं लोखंड विरघळतं. दोन्हींमध्ये बारीक बॅटरीसारखा प्रवाह चालू होतो. म्हणून टाकीत भोक गाळ साचतो तिथं पडतं, ट्रंकेत खाली अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली पडतं, आणि कोठीत दुमडीपाशी. शिवाय गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. तो दुमडीत फुगतो, पत्रा फाकवतो, फट वाढते, जास्त पाणी आत जातं.

पत्र्यावर जस्त असतं ना, मग? असतं. १८३७ मध्ये स्तानिस्लास सोरेल नावाच्या फ्रेंच इंजिनिअरनं लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवण्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून बादल्या, कोठ्या, छपरं त्याच्याच भरवशावर आहेत. जस्ताचा गुण असा की ते नुसतं पांघरूण नाही. ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त आधी स्वतः झिजतं आणि उघड्या लोखंडाला वाचवतं. पण ते असतं किती? बाजारातल्या हलक्या पत्र्यावर दर चौरस मीटरला १२० ग्रॅम, तेही दोन्ही बाजू मिळून. हिशेब केला तर एका बाजूला जेमतेम ८ मायक्रॉन. चांगल्या, २७५ ग्रॅमच्या पत्र्यावर १९ ते २० मायक्रॉन. माणसाचा केस याच्या तिप्पट-चौपट जाड असतो. पत्रा घेताना गेज सगळे विचारतात, जस्ताचे ग्रॅम कुणी विचारत नाही. पांढरी भुकटी दिसू लागली की जस्त खर्च होतंय. तांबूस डाग दिसला की तिथलं संपलं. आजींच्या कोठीचा पांढुरकेपणा म्हणजे तेच, आणि त्याच्या पलीकडच्या बाजूनं, तळाखालून, काम कधीच पुढं गेलेलं.

तर खडूचा गोल. तो कुठं काढायचा हे ठरवण्यात निम्मं काम असतं. भोकापासून बाहेर ठोकत जायचं, आवाज जिथं परत टण् होतो तिथं थांबायचं, तिथून आणखी बोटभर बाहेर रेघ मारायची. रेघेच्या आतला पत्रा कातरीनं कापून टाकायचा. इथं गिऱ्हाइकाचा जीव वर-खाली होतो, कारण मसुराएवढ्या भोकाची आता बशी झालेली असते. पण सडक्या पत्र्यावर डाख धरतच नाही. धरला तर पापडीला धरतो, आणि पापडी डाखासकट निघते. गोल एकमेकांना भिडू लागले तर ठिगळांचा नाद सोडावा, सगळा तळ कापून नवा घालावा. ते शेवटी स्वस्त पडतं. आजींच्या कोठीत तीन गोलांमध्ये चांगला हातभर पत्रा शाबूत होता, म्हणून ठिगळं.

ठिगळाचा पत्रा मूळ गेजचाच घ्यावा. जाड घेतला तर कडेशी वाकत नाही, पातळ घेतला तर उन्हाळ्यात टरारतो. कापलेल्या भोकापेक्षा चहूबाजूंनी १२ ते १५ मिलिमीटर मोठा, कोपरे गोल. टोकदार कोपरा कधी ठेवू नये. पहिली उचकटण्याची जागा तीच. पाण्याच्या टाकीला आणि धान्याच्या कोठीला ठिगळ आतून लावणं बरं, कारण आतला भार त्याला पत्र्यावर दाबत राहतो. बाहेरून लावलेल्याला तोच भार ढकलून काढतो. आतून लावल्यावर कड मात्र डाखानं पूर्ण भरून गुळगुळीत करायची, नाहीतर त्या खाचेत पीठ साठतं आणि टोके (धान्यातले किडे) तिथं घर करतात. भोकाची आतली-बाहेरची बाजू तारेच्या ब्रशनं, मग पॉलिशपेपरनं, चकाकेपर्यंत घासायची. चकाकेपर्यंत म्हणजे खरंच चकाकेपर्यंत. "साफ झालं" आणि "चकाकलं" यांच्यात जो फरक आहे, त्यातच डाख सुटतो.

मग तेजाब, म्हणजे डाख धरावा म्हणून लावायचं ॲसिड. हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये जस्ताचे तुकडे टाकून ते "मारतात". काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या रुंद भांड्यात, उघड्या हवेवर, एकेक तुकडा. भांडं तापतं, बुडबुडे येतात. ते हायड्रोजनचे, म्हणून शेगडी आणि बिडी दोन्ही लांब. बुडबुडे थांबले आणि तळाशी थोडं जस्त तरीही उरलं, की तेजाब मेलं. ते गाळून त्यात चिमूटभर नवसागर घातला की लवकर वितळतं आणि पत्रा छान धुतं. जस्ताच्या पत्र्यावर अनेकजण न मारलेलं पातळ ॲसिडच लावतात, कारण पत्र्यावरच्या जस्ताशी ते तिथल्या तिथं मरतं. चालतं, पण वापरणाऱ्याचा हात हलका हवा. जास्त झालं तर आहे तेवढं जस्तही खाऊन टाकतं.

डाख कशाचा, हा प्रश्न आजींनी विचारला नाही, विचारायला हवा होता. पत्राकामाच्या रांग्यात (डाखाच्या धातूत) शिसं असतं. कथील ६० आणि शिसं ४० असा डाख १८३ अंशांना मऊ पडतो आणि १९० च्या आसपास पुरता वाहू लागतो, म्हणून हाताळायला गोड. छपराच्या पन्हाळीला बेलाशक लावा. पाणी, धान्य, पीठ, तूप यांच्या भांड्याला आतून शिसं अजिबात नको. तिथं शुद्ध कथील, नाहीतर कथिलात थोडं तांबं किंवा चांदी असलेला बिनशिशाचा डाख. शुद्ध कथील २३२ अंशांना वितळतं, तेव्हा कैया जास्त तापवावा लागतो आणि हात चपळ लागतो. महाग पडतं. सांगितल्याशिवाय कुणी वापरत नाही, तेव्हा सांगायचं.

कैया म्हणजे लोखंडी दांडीला बसवलेला तांब्याचा ठोकळा. तो शेगडीत ठेवायचा आणि भोवतीच्या ज्वाळेला हिरवी झाक आली की बाहेर काढायचा. त्यापुढं ठेवला तर तोंडावरची कल्हई जळते, आणि काळ्या तोंडाच्या कैयाला डाख चिकटत नाही. टोक नवसागराच्या खड्यावर घासायचं. पांढरा धूर उठतो, घशात खवखव होते, आजूबाजूची माणसं दोन पावलं मागं सरकतात. आणि आता या सगळ्या कामातली सगळ्यांत जास्त चुकणारी गोष्ट: ठिगळ तसंच ठेवून कडेनं डाख सोडायचा नसतो. आधी भोकाच्या कडेवर कथिलाचा पातळ थर द्यायचा, मग ठिगळाच्या पाठीला द्यायचा, मग दोन्ही थर एकमेकांवर ठेवून वरून कैया दाबत हळूहळू फिरवायचा. आतले थर वितळून एक होतात आणि कडेतून चकचकीत रेघ बाहेर डोकावते. तीच खूण. रेघ जिथं दिसली नाही तिथं आत पोकळ आहे. डाख गार होताना ठिगळ जराही हलता कामा नये. हललं तर तो चकाकत नाही, दाणेदार, मेल्यासारखा दिसतो, आणि सहा महिन्यांत तडकतो.

इथं बहुतेक कारागीर थांबतात, आणि इथंच पुढच्या भोकाची सोय होते. "डाख दिला त्याच्या शेजारीच परत भोक पडलं" ही तक्रार घरोघरी ऐकू येते. माणसाला वाटतं, डाख वाईट. डाख चांगलाच असतो. वाईट ते तेजाब, जे धुतलं नाही. मारलेलं असलं तरी ते जस्ताचं क्लोराइड आहे. हवेतली ओल ओढून घेतं आणि डाखाच्या कडेनं पसरून पत्रा खात बसतं. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून ब्रशनं घासायचं, फेस येणं थांबेपर्यंत. मग साध्या पाण्यानं दोनदा, मग उन्हात किंवा शेगडीच्या उबेवर खडखडीत वाळवायचं. एवढी दहा मिनिटं. शिवाय कथील हे लोखंडाच्या शेजारी जस्तासारखं उदार नाही. ते स्वतः शाबूत राहतं आणि शेजारच्या उघड्या लोखंडाला झिजू देतं. म्हणून घासून उघडा पडलेला, डाखाबाहेरचा पट्टा बाहेरच्या बाजूनं रंगानं झाकणं भाग आहे.

हा कथिलाचा स्वभाव तेलाच्या पिप्यात फार छान दिसतो. १५ किलोचा पिपा म्हणजे लोखंडी पत्र्यावर कथिलाचा मुलामा. बाहेरून ओरखडा पडला की गंज त्या ओरखड्यात खोल घुसतो, कारण कथील साथ देत नाही. आणि त्याच पत्र्याच्या हवाबंद डब्यात आंबट फळांचा रस भरला, की आतल्या बाजूला पारडं फिरतं. तिथं कथीलच हळूहळू झिजून लोखंडाला सांभाळतं. डबा उघडून हवा आत गेली की तो करार संपला. म्हणून उघडलेल्या डब्यातलं उरलेलं लगेच काचेत काढायचं.

तांब्याच्या बंबाची तऱ्हा आणखी वेगळी. इंदूरच्या जुन्या वाड्यांत अजून एखाददुसरा निघतो, न्हाणीघरात नाही तर माळ्यावर. त्याला भोक पडतं ते जाळाच्या नळीच्या तळाशी, जिथं राख ओली होऊन बसते. तिथं डाख दिला तर लोक विचारतात, जाळात वितळणार नाही का? बंबात पाणी असेल तोवर तांबं शंभर अंशांच्या फारसं वर जात नाही, आणि डाखाला त्याच्या जवळपास दुप्पट हवेत. पण पाणी न भरता एकदा जाळ लावला, की सगळे सांधे टपटप गळतात. म्हणून जाणते कारागीर बंबाला सवागी (टाकणखार) घालून पितळेचं पक्कं झाळकाम करतात. वेळ लागतो, भाता लागतो, आणि असं काम करणारे हात कमी झालेत.

कुठल्याही भोकाला दोन पुड्या मळून लावायचं पुटिंग (एम-सीलसारखं), हा हल्लीचा तोडगा. त्यावर माझा राग नाही, पण अर्धवट वापरावर आहे. दोन्ही वड्या सारख्या घेऊन रंग एकजीव होईतो मळायच्या, ओल्या किंवा गंजक्या पत्र्यावर कधी लावायचं नाही, आणि दिवसभर वाळू द्यायचं. पन्हाळ, कूलरची टाकी, बागेची झारी: उत्तम. खाण्याच्या वस्तूला आतून नाही, विस्तवावर तर नाहीच. गावाला जायच्या आदल्या रात्री टाकी गळू लागली, तर त्याहून जुना इलाज चांगला. भोक छिद्रकानं गोल करायचं, दोन्ही बाजूंनी रबरी वायसर आणि त्यावर पत्र्याचा वायसर घालून नटबोल्ट आवळायचा. बोल्ट लोखंडीच हवा. पितळेचा घातला तर त्याच्या शेजारचं लोखंड जास्त वेगानं झिजतं. जस्ताच्या टाकीला पितळेची तोटी बसवतात आणि दोन वर्षांनी तोटीभोवती कंकण पडतं, ते यामुळंच. मध्ये रबर आणि प्लॅस्टिकची बुशिंग घातली की निभतं.

स्टीलला गंज चढत नाही, असं म्हणून सगळे स्टीलकडे वळले. स्टीलला भोक पडतं, फक्त गाजावाजा होत नाही. थंड पाण्यात मुठीनं मीठ टाकलं आणि ते न विरघळता तळाशी बसलं, की ३०४ ग्रेडच्या पातेल्यालाही सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. मीठ उकळी आल्यावर घालावं. ब्लीचिंग पावडर स्टीलच्या पिंपात रात्रभर ठेवू नये. ॲल्युमिनियमच्या डब्यात चिंच, लोणचं, ताक नको आणि सोड्याच्या पाण्यात भिजत घालणंही नको. त्याला आम्ल आणि क्षार दोन्ही बाधतात. त्याला साधा डाख धरत नाही, कारण त्याच्यावरची ऑक्साइडची साय २००० अंशांपर्यंत वितळत नाही आणि खालचं ॲल्युमिनियम ६६० लाच पाणी होतं. आणि कुकरला भोक पडलं तर त्याला ठिगळ नाही, भंगार.

कुणीतरी अशा गप्पांत हमखास म्हणतं, पूर्वीचं लोखंड गंजत नसे, धारला जाऊन बघा. जरूर बघावं. इंदुराहून दीड-दोन तासांवर लाट मशिदीपाशी लोखंडी खांबाचे तीन तुकडे आहेत, मिळून १३ मीटरच्या वर लांब, शेकडो पावसाळे खाल्लेले. त्यावर तांबूस-काळी कातडी आहे, पण खोल खड्डे नाहीत. ते लोखंड जुन्या भट्टीतलं, फॉस्फरस जास्त असलेलं, आणि ओलं-कोरडं होता होता त्याच्यावर घट्ट थर जमतो. पण त्याहून साधी गोष्ट म्हणजे जाडी. त्या खांबाचा अर्धा मिलिमीटर गेला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. कोठीचा तेवढा गेला की कोठी संपली. शिवाय खांबाखाली कुणी रोज पोछा लावत नाही.

पातळ, घट्ट बसलेल्या गंजावर टॅनिनचा इलाज चालतो. गंजाशी मिळून ते निळंकाळं, न विरघळणारं होतं. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस घालून शाई करत, तीच क्रिया. सुटा गंज मात्र आधी खरवडायलाच हवा. जस्त नसलेल्या लोखंडी वस्तूला लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत घालून रात्रभर बुडवलं की सकाळी गंज बोटानं निघतो. जस्ताच्या कोठीला हे करू नये, गंजाआधी जस्त जाईल. आणि नव्या कोऱ्या जस्ताच्या पत्र्यावर थेट तेलरंग लावला तर वर्षभरात त्याचे पापुद्रे निघतात, कारण रंगातलं तेल आणि जस्त मिळून आत साबण तयार होतो. आधी जस्तासाठी असलेला एच (etch) प्रायमर, मग रंग. घासून उघड्या झालेल्या लोखंडावर रेड ऑक्साइड. बुडाच्या कडेला आतून-बाहेरून डांबरी काळा रंग दोन हात, मध्ये एक दिवस. धान्य लागतं तिथं रंग नाही.

एक गोष्ट हळू आवाजात सांगायची नाही. पेट्रोल, डिझेल, थिनर यांचा ड्रम किंवा डबा, "रिकामा आहे" म्हणून आगीजवळ नेऊ नये. भरलेल्यापेक्षा रिकामाच घातक, कारण आत वाफ आणि हवा यांचं मिश्रण असतं. जस्ताच्या पत्र्याला वेल्डिंग केलं की पांढरा धूर निघतो. तो दिवसभर ओढला तर संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. कारागीर त्यावर दूध पितात. दुधानं काही होत नाही. मोकळी हवा आणि मास्क लागतो. पत्र्याला डाख आहे, वेल्डिंगची गरजच नाही.

दुपार कलताना आजी आणि सून परत आल्या. कोठी धुवून, वाळवून मागच्या खोलीत नेलेली होती. त्यानं लांब वायरवरचा बल्ब आत सोडला, झाकण लावलं, दार ओढून घेतलं आणि आजींना आत बोलावलं. गव्हाच्या कोठीची ही परीक्षा. पाण्याच्या टाकीला बाहेरून चुन्याचा हात देऊन आतून रॉकेल चोळतात, जिथं डाग उमटेल तिथं भोक. धान्याच्या भांड्याला रॉकेलचा वास वर्षभर जात नाही, म्हणून बल्ब. अंधारात कोठी काळी उभी होती. तिन्ही ठिगळांच्या कडा गच्च. आजी कंबरेत वाकून कडेकडेनं बघत गेल्या आणि मागच्या बाजूला थबकल्या. दुमडीच्या वर, मोहरीहूनही बारीक, एक उजेडाचा ठिपका.

"भैया, यहाँ देखो."

त्यानं पाहिलं. खडू त्यानं आजींच्याच हातात दिला. त्यांनी काढलेला गोल बांगडीएवढा झाला. त्यानं ठोकून पाहिलं, टण् वाजलं, आणि म्हणाला तेवढा पुरे. त्याचे पैसे धरले नाहीत.

कैया परत तापेपर्यंत त्यानं विचारलं, कोठी ठेवता कुठं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, भिंतीला लावून. त्यानं सांगितलं ते असं: खाली तीन विटा, कडेच्या खाली येतील अशा, म्हणजे मध्ये वारा खेळेल. भिंतीपासून वीतभर लांब. विटांवर पोतं नको, पोतं ओल धरतं. लाकडी पट्ट्या चालतील. कडुलिंबाचा पाला घालायचा तर सावलीत कडकडीत वाळवून, तोही कापडाच्या पुरचुंडीत. ओला पाला तळाशी बसला की तिथं डाग पडलाच. गहू दाताखाली कटकन फुटला तरच भरायचा. पावसाळ्यात एकदा हात घालून तळ चाचपायचा. सून म्हणाली, "या कटकटीपेक्षा प्लॅस्टिकचा ड्रम बरा नाही का, आई?" आजी म्हणाल्या, "उंदरांना विचार." यात त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही.

चौथा डाख धुवून झाला. रिक्षावाला कोठी चढवू लागला तेव्हा आजींना आठवलं, जिथं कोठी होती तिथं फरशीवर गंजाचा गोल पडलाय. घासून घासून हात दुखले, जात नाही.

"नींबू मार दो, माँजी. रात भर रहने दो."

"हमारे यहाँ कोटा है."

कोटा म्हणजे चुनखडीचा दगड. लिंबाचं ॲसिड गंजाआधी दगडालाच खातं, चकाकी जाते आणि तांबड्या गोलाच्या जागी पांढरा, खरखरीत गोल उरतो. कारागिरानं कैया शेगडीत ठेवता ठेवता क्षणभर विचार केला.

"कोटा है? तो फिर रहने दो."